उलट्या धरलेल्या गदेविषयी

भाचीच्या दीक्षान्त समारंभाला मी गेलो तो मुख्यतः बहिणीच्या आग्रहाखातर. अशा समारंभांत भाषणे लांबतात, पंखे पुरत नाहीत आणि आपल्या पोराचे नाव पुकारले जाईपर्यंत धड डुलकीही काढता येत नाही, हे ठाऊक असूनही गेलो. मिरवणूक सभागृहात शिरली तेव्हा मात्र मी सावरून बसलो. झगे घातलेल्या प्राध्यापकांच्या पुढे एक गृहस्थ चालत होते आणि त्यांनी वरच्या टोकाला फुगत गेलेला, नक्षीकाम केलेला एक चंदेरी दंड दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. तो चांगलाच जड असावा; मंचाच्या पायऱ्यांपाशी त्यांनी क्षणभर थांबून पकड बदलली आणि मग श्वास रोखूनच ते वर चढले. ‘ज्ञानदंडाचे आगमन होत आहे,’ असे सूत्रसंचालिका म्हणाली. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलाने वडिलांना विचारले, ‘बाबा, मारुतीची गदा ह्यांच्याकडे कशी?’ वडील दबक्या आवाजात म्हणाले, ‘गदा नाही रे ती. इंग्लिशमध्ये त्याला मेस म्हणतात.’ मुलगा आणखीच गोंधळला, कारण त्याच्या लेखी मेस म्हणजे वसतिगृहात राहणारी ताई जेवायला जाते ती जागा. वडिलांनी त्याला गप्प केले. पुढे भाषणे झाली, पदव्या वाटल्या गेल्या, फोटो निघाले. मला मात्र तो प्रश्न काही केल्या सोडेना. विद्येच्या सोहळ्यात सर्वांच्या पुढे गदा का चालते?

कारण ती गदाच आहे. मुलगा बरोबर होता. इंग्रजीतला हा शब्द मुळात डोकी फोडण्याच्या हत्याराचा. युरोपात योद्धे पोलादी चिलखताने नखशिखान्त मढू लागले तेव्हा तलवारीची पंचाईत झाली. पाते पत्र्यावरून घसरे. मग लोहारांनी दांड्याच्या टोकाला लोखंडी पाकळ्या बसवल्या. अशा मेसचे वजन किलो-दीड किलोच्या आसपास असे, म्हणजे चित्रांतल्या गदेच्या मानाने फारच कमी, पण सगळा भार टोकाला एकवटलेला. घाव बसला की चिलखत भेदले गेले नाही तरी चालत असे. पत्रा आत चेपे आणि त्याखालचे हाड मोडे. आपल्याकडे दख्खनच्या आणि मोगलांच्या शस्त्रागारांत ह्याच जातीचे हत्यार गुर्ज ह्या फारसी नावाने होते आणि त्याच्याही डोक्याला अशाच पाकळ्या असत. संग्रहालयात काचेआड ठेवलेला गुर्ज पाहताना त्या पाकळ्यांची गोलाई मोहात पाडते. त्या पाकळीची कड नेमकी कुठे बसत असेल, हा विचार थोड्या वेळाने येतो आणि मग काचेजवळून आपण नकळत मागे सरकतो.

ह्या हत्याराविषयी एक गोष्ट इंग्रजीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले त्या युद्धाची कथा सांगणारा सुमारे 70 मीटर लांबीचा एक भरतकामाचा पट फ्रान्समधल्या बायो येथे जपलेला आहे. त्यात विल्यम राजाचा सावत्र भाऊ ओडो हा बिशप घोड्यावर बसून हातात सोटा उगारताना दिसतो. धर्मगुरूने रक्त सांडायचे नाही असा दंडक होता, म्हणून ओडोने तलवार न घेता सोटा घेतला, कारण सोट्याने माणूस मरतो पण रक्त निघत नाही, असे हे स्पष्टीकरण. इतिहासकारांचा त्यावर फारसा विश्वास नाही. पटावरच्या लॅटिन ओळीत एवढेच म्हटले आहे की बिशप ओडो दंड हाती धरून तरुणांना धीर देत आहे. तेव्हा ते हत्यार नसून नायकत्वाची खूण असावी, असे अनेकांचे मत आहे. मला ही दंतकथा खोटी असूनही महत्त्वाची वाटते. लोकांना ती इतकी पटली, टिकली, पाठ्यपुस्तकांपासून खेळांच्या नियमांपर्यंत पोचली, ह्याचा अर्थ दांडक्याबद्दल असे काहीतरी मानायची माणसाला गरज आहे. तलवार म्हणजे हिंसा, हे सगळे कबूल करतात. दांडके म्हणजे त्याहून काहीतरी कमी, काहीतरी सोज्वळ, अशी समजूत आपण करून घेतो.

डोके फुटले तरी रक्त निघत नाही, हे ज्याने पहिल्यांदा सांगितले त्याने कधी फुटलेले डोके पाहिलेले नसणार.

ह्या हत्याराची खूण कशी झाली, तो प्रवासही गमतीचा आहे. राजांच्या अंगरक्षकांकडे मेस असे. हे अंगरक्षक राजाचे हुकूम घेऊन गावोगाव जात, माणसे पकडत, वसुली करत. आपण राजाची माणसे आहोत हे पटवण्यासाठी मेसच्या मुठीकडच्या टोकावर राजचिन्ह कोरलेले असे, आणि कुणी शंका घेतली की मूठ वर करून ते दाखवायचे. मोगल दरबारातले गुर्जबरदार हेच काम करत. बादशहाचा हुकूम घेऊन आलेला गुर्जबरदार दारात उभा राहिला की सुभेदारालाही घाम फुटे. पुढे लढाया बदलल्या, बंदुका आल्या, मेसचा मारण्याचा उपयोग संपला आणि दाखवण्याचा तेवढा राहिला. मग राजचिन्हाचे टोक मोठे होत गेले, त्यावर मुकुट चढला, सोन्याचा मुलामा आला, आणि पाकळ्यांचे मारक टोक आक्रसत आक्रसत खाली एक बोंडूक म्हणून उरले. आज समारंभांत मिरवली जाणारी मेस ही अशी उलटी धरलेली गदा आहे. ज्या टोकाने मारायचे ते खाली, जमिनीकडे. आणि ज्या टोकाला पूर्वी तळहात टेकत असे ते वर, मुकुटासह. त्या सभागृहात पकड बदलणारे गृहस्थ दंडाच्या मूळ डोक्यालाच मूठ समजून धरून होते, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. गेली कित्येक शतके सगळे तसेच धरतात.

इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सभापतींपुढच्या मेजावर ठेवलेली मेस दुसऱ्या चार्ल्सच्या काळातली, चांदीची आणि सोन्याचा मुलामा दिलेली, लांबीला सुमारे दीड मीटर. ती मेजावर नसेल तर सभागृहाचे कामकाज कायदेशीर धरले जात नाही. सभागृहाचे रूपांतर समितीत झाले की ती मेजाच्या खालच्या आकड्यांवर ठेवतात. समिती उठली की पुन्हा वर. म्हणजे आता ती काहीच करत नाही, नुसती पडून असते, आणि तिचे सगळे सामर्थ्य त्या पडून असण्यात आहे. ह्याचा राग अनेकांना आलेला आहे. 1653 च्या एप्रिलमध्ये ऑलिव्हर क्रॉमवेल सैनिक घेऊन सभागृहात शिरला, त्याने सदस्यांना हाकलले आणि तेव्हाच्या मेसकडे बोट दाखवून हे खेळणे उचलून न्या असे फर्मावले. त्याने वापरलेला इंग्रजी शब्द दरबारातल्या विदूषकाच्या हातातल्या, टोकाला मुंडके बसवलेल्या काठीलाही वापरत. शिवी म्हणून ही निवड अचूक होती. मात्र ते खेळणे बाहेर नेल्यावर देश चालवायला क्रॉमवेलला तलवारी लागल्या, आणि राजा परतल्यावर चांदीची नवी मेस घडवण्यात आली.

त्याहून मला आवडतो तो 27 मे 1976 चा प्रसंग. विमान आणि जहाजबांधणी उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर मजूर पक्षाच्या सरकारने एका मताने बाजी मारली आणि त्यांचे सदस्य उभे राहून आपले पक्षगीत गाऊ लागले. समोरच्या बाकावरचे मायकेल हेसेल्टाइन, जे पुढे संरक्षणमंत्री आणि उपपंतप्रधानही झाले, त्यांचा संयम सुटला. त्यांनी झेप घेऊन मेस उचलली आणि गाणाऱ्यांच्या दिशेने उगारली. आणि मग? तीनशेवर माणसे समोर, हातात दीड मीटरची गदा, आणि तिने मारता येत नाही. खाली ठेवावी तर शोभत नाही, धरून राहावे तर हात भरून येतात. शेवटी त्यांच्याच पक्षाच्या जिम प्रायर ह्यांनी ती त्यांच्या हातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी हेसेल्टाइन ह्यांनी माफी मागितली, आणि व्यंगचित्रकारांना पुढची कैक वर्षे पुरेल एवढी सामग्री मिळाली. 2018 च्या डिसेंबरात ब्रेक्झिटवरचे मतदान लांबणीवर पडले तेव्हा लॉइड रसेल-मॉइल हा तरुण सदस्य ती उचलून दाराकडे चालू लागला. कंबरेला तलवार लावलेल्या कर्मचाऱ्यांनी त्याला अडवले आणि त्याने ती निमूट परत केली. मला ह्यात एक विलक्षण गोष्ट दिसते. मारण्यासाठी जन्मलेली ही वस्तू जो कोणी उचलतो तो बलवान दिसण्याऐवजी हास्यास्पद दिसतो.

आपल्याकडे हा प्रकार इतका रुळलेला आहे की त्याला ठरलेला मथळाच आहे: राजदंड पळवला. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत उपसंपादक म्हणून नोकरी केली, आणि विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की हे तीन-चार शब्द कधीही लागतील म्हणून मनात तयार ठेवलेले असत. पळवला म्हणजे काय, तर दोन सदस्य अध्यक्षांच्या आसनाकडे धावले, दंड उचलला, चार पावले गेले, आणि मार्शलनी तो परत घेतला. 2016 च्या डिसेंबरात त्रिपुरा विधानसभेत एका आमदाराने मात्र तो खरोखरच सभागृहाबाहेर पळवत नेला आणि मागे सुरक्षारक्षक धावले; ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. मराठीत आपण ह्या वस्तूला राजदंड म्हणतो आणि राजाच्या हातातल्या नाजूक, रत्नजडित कांडीलाही राजदंडच म्हणतो. 28 मे 2023 रोजी नव्या संसद भवनात बसवलेल्या सेंगोलच्या बातम्यांतही हाच शब्द होता. त्या कांडीने कधी कुणाचे डोके फुटलेले नाही. इंग्रजीत ह्या दोन वस्तूंची नावे वेगळी आहेत. मराठीत त्या एक झाल्या आणि गदा तेवढी गदा राहिली, मारुतीच्या आणि भीमाच्या खांद्यावर. राजदंड हा शब्द अजून कानावर न बसलेल्या त्या मुलाला म्हणूनच विद्यापीठाच्या मंचावर जे दिसले ते आम्हा मोठ्यांना दिसले नाही.

गदेशी माझी ओळख चांदीच्या गदेआधीची, दगडी गदेची आहे. आमचे थोरले काका कोल्हापूरच्या एका तालमीत जात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या मागे लागून जाई. आत शिरताच तेल, ताक आणि हळद मुरलेल्या तांबड्या मातीचा थंड, किंचित आंबूस वास येई. कोपऱ्यात मुद्गलांच्या जोड्या भिंतीला टेकवलेल्या असत, हातांच्या घामाने आणि तेलाने काळ्या गुळगुळीत झालेल्या, आणि शेजारी वेळूच्या दांड्यावर बसवलेला दगडाचा गोळा. काका तो दोन्ही हातांनी पाठीमागे सोडत आणि तो लोलकासारखा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर येई. मला वाटे की ते गदा फिरवतात. एकदा त्यांनी तिचा दांडा माझ्या हातात दिला आणि गोळ्याने मलाच फिरवले. मी मातीत आडवा. काका हसले नाहीत. म्हणाले, ‘ती फिरते, आपण फक्त तिच्या वाटेतून बाजूला राहायचं.’ केसरीचा मान मिळवलेला मल्ल चांदीची गदा खांद्यावर घेऊन मिरवतो तेव्हा तीही न मारणारीच गदा असते, पण ती खोटी वाटत नाही, कारण ती उचलणाऱ्याने आयुष्यभर तिच्या दगडी बहिणीचा भार अंगावर झेललेला असतो. कुलसचिवांच्या किंवा मार्शलच्या हातातल्या दंडाबद्दल असे म्हणता येत नाही.

गदायुद्धाला नियम होता. नाभीच्या खाली प्रहार करायचा नाही. भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली ती नियम मोडून, आणि म्हणूनच बलराम नांगर उगारून त्याच्या अंगावर धावला. पोलिसांच्या लाठीलाही नियम आहे, आणि तो नेमका उलटा आहे: मारायचे ते कमरेच्या खाली, पायांवर, पोटऱ्यांवर, डोक्यावर मारायचे नाही. एकीकडे समोर बरोबरीचा योद्धा आहे, त्याला मान देऊन लढायचे आहे. दुसरीकडे समोर निःशस्त्र माणूस आहे, त्याला फक्त पळवून लावायचे आहे. दोन्ही नियम कागदावर सुंदर आहेत.

21 मे 1930 रोजी, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धरासणा येथे मिठागराकडे सत्याग्रही रांगेने चालत गेले. वेब मिलर हा अमेरिकन वार्ताहर तिथे होता. लोखंडी टोकाच्या लाठ्या घेतलेले शिपाई समोर उभे. पहिली रांग पुढे गेली, पडली. स्वयंसेवकांनी जखमींना घोंगड्यांच्या झोळीतून उचलले. दुसरी रांग पुढे गेली. एकानेही घाव चुकवायला हात वर केला नाही. मिलरने जवळच्या तात्पुरत्या इस्पितळात 320 जखमी मोजले. दोघे मेले होते. त्याने पाठवलेल्या बातमीतले जे वाक्य जगभर पोचले त्यात उघड्या कवट्यांवर बसणाऱ्या दांडक्यांचा आवाज होता, आणि तिथे त्याने लाठी असे न म्हणता सोट्याला इंग्रजीत जो अगदी घरगुती, उघडावाघडा शब्द आहे तो वापरला. एरवी हिंदुस्थानातल्या इंग्रजी कागदपत्रांत लाठी हा शब्द तसाच घेतलेला असे. इंग्लंडमध्ये न्याहारी करता करता तो वाचणाऱ्याला त्यात कुठल्याशा दूरच्या मुलखातली कसलीशी काठी दिसत असणार. मिलरच्या शब्दात त्याला स्वतःच्या परसातले दांडके दिसले. त्याची बातमी अमेरिकेच्या सिनेटच्या नोंदींत वाचली गेली.

ब्रिटिशांना हा फरक कळत नव्हता असे नाही. 1829 मध्ये लंडनच्या महानगर पोलीस दलाची स्थापना झाली तेव्हा शिपाई हे सैनिक वाटू नयेत ह्याची फार काळजी घेतली गेली. गणवेश लाल नव्हे तर निळा. आणि दांडके दिसू नये म्हणून ते कोटाच्या लांब शेपटात शिवलेल्या खिशात. त्या काळच्या लाकडी दांडक्यांवर रंगाने मुकुट आणि राजाची आद्याक्षरे काढलेली असत. तेच शिपायाचे ओळखपत्र. पुन्हा तीच जुनी जोडगोळी, खूण आणि मार एकाच लाकडात. अमेरिकेत 1965 साली पिट्सबर्ग शहरात तोंडावर फवारायच्या अश्रुवायूचा डबा तयार झाला. त्याचे नाव रसायनांच्या नावांतली अक्षरे जुळवून केलेले असले तरी ते झाले मेसच, आणि आता अमेरिकन इंग्रजीत ते क्रियापदही आहे. ओडोच्या दंतकथेला नऊशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर म्हणायचे: रक्त न काढणारी गदा, खिशात मावणारी.

(स्वयंपाकघरातल्या जायपत्रीलाही इंग्रजीत हेच नाव आहे, पण त्या शब्दाचे कूळ निराळे. कोकणात ताजे जायफळ फोडले की काळसर बीवर लालभडक जाळी दिसते ती जायपत्री. तिचा ह्या मारामारीशी काही संबंध नाही आणि तिला ह्यातून मोकळे सोडलेले बरे.)

आमच्या मराठी वर्तमानपत्रांनी ह्या सोज्वळपणाच्या परंपरेत आपलीही भर घातलेली आहे. ‘जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी सौम्य लाठीमार केला.’ हे वाक्य प्रसिद्धिपत्रकातून जसेच्या तसे येई आणि जसेच्या तसे छापले जाई. एका संध्याकाळी तालुक्याच्या वार्ताहराने अशा बातमीसोबत फोटो पाठवला. पाणीयोजनेच्या मोर्चातला एक म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत मातीने माखलेले, कपाळावरून कानापर्यंत पांढरी पट्टी, आणि पट्टीतून झिरपलेला, कडेला तपकिरी झालेला डाग. मी ‘सौम्य’ खोडला. वृत्तसंपादक म्हणाले की शब्द आपला नाही, पोलिसांचा आहे, राहू द्या. मी म्हणालो की मग तो अवतरणात घाला. त्यावर ते म्हणाले की अवतरणात घातला तर टोमणा होतो. शेवटी शब्द राहिला आणि फोटो वगळला, कारण दोन्ही शेजारी शेजारी बरे दिसेनात. आता अनेक ठिकाणी बांबूच्या जागी पॉलीकार्बोनेटच्या लाठ्या आल्या आहेत, त्या बांबूसारख्या पिचत नाहीत. विशेषण मात्र जुनेच चालू आहे. ‘सौम्य तलवारबाजी’ किंवा ‘सौम्य गोळीबार’ असे आपण लिहीत नाही. ही सवलत फक्त दांडक्याला.

एवढे सगळे लिहूनही मला दंडाचे आकर्षण नाही असे म्हणवत नाही. माउलींच्या पालखीसोबत मी काही मुक्काम चाललो आहे. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की दिंड्या भोवती उभ्या राहतात आणि टाळ-मृदंगांचा एवढा कल्लोळ होतो की शेजारच्याचे बोलणे ओठांवरून ओळखावे लागते. मग चोपदार चोप उंच करतात, ‘हो’ अशी आरोळी येते, आणि तो अफाट आवाज बघता बघता थांबतो. हरवलेल्या वस्तूंची आणि उद्याच्या प्रस्थानाच्या वेळेची माहिती सांगितली जाते आणि मग समाजआरती होते. ह्या चोपाने कुणाला मारलेले नाही आणि तो सौम्य आहे असेही कुणी पत्रक काढून सांगत नाही. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती चोप वर गेला तरी टाळ थांबवत नाही. सगळा तळ शांत आणि तेवढे टाळ वाजत राहतात. तसे झाले की चोपदारांना तिथवर चालत जावे लागते आणि गाऱ्हाणे ऐकून घ्यावे लागते. त्याआधी आरती नाही. मी पाहिले त्या वेळी तक्रार पाण्याच्या टँकरची होती. विणेकरी चांगलाच तापला होता, शेजारच्या दिंडीने आपल्या वाट्याचे पाणी नेले असे त्याचे म्हणणे होते, आणि चोपदार काखेत चोप धरून त्याचे ऐकत उभे होते. टँकर पहाटे आधी तुमच्याकडे लावतो, असे कबूल झाल्यावर टाळ थांबले.